गाडी घेताय ना? मग आधी मागच्या सीटवर बसून बघा

या महिन्याची पत्रं बघितली आणि वाटलं की अर्धा महाराष्ट्र एसयूव्ही घ्यायला निघालाय. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हापासून हे चाललंय. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी (डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत) १८ टक्क्यांत आली, आणि मोठ्या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के अधिक सेस मिळून ४५ ते ५० टक्के जायचे तिथं आता सरळ ४०. त्यामुळे ज्यांनी दोन वर्षं फक्त व्हिडिओ बघितले तेपण आता शोरूमच्या दारात उभे आहेत. सगळ्यांना उत्तर देणं काही जमायचं नाही, सहा पत्रं घेतलीत. पहिलं लांब आहे पण त्यात बऱ्याच जणांचे प्रश्न एकदमच आलेत म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्न : दादा नमस्कार. मी पुण्यात सिंहगड रोडला राहतो. घरात मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आई, वय ७०, दोन्ही गुडघे कामातून गेलेत. गाव चिपळूणजवळ, वर्षातनं सहासात वेळा जाणं होतं, गणपती आणि शिमगा तर चुकतच नाही. सध्या दहा वर्षं जुनी हॅचबॅक आहे, मॅन्युअल, आणि मला गाडी चालवायला मनापासून आवडतं. बायकोला कुंभार्ली घाटात हमखास ओकारी होते. बजेट ऑन-रोड १८ लाख, फार तर १९. मेव्हणा म्हणतो डिझेल घे आणि मोठीच घे, शोरूमवाला म्हणतो सनरूफवालं टॉप मॉडेल घ्या, बायको म्हणते काहीपण घे पण पोटात ढवळायला नको. डोकं चालेनासं झालंय. (एक वाचक, पुणे)

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात मेव्हणा आहे, शोरूमवाला आहे, वहिनी आहेत, पण आई काय म्हणतात ते कुठंच नाही. आणि खरं सांगू का, तुमची निम्मी निवड त्यांच्या गुडघ्यांनीच करून टाकलीये, तुम्हाला अजून कळलेलं नाही एवढंच.

आमच्या आईला मी असंच एकदा शोरूमला घेऊन गेलो होतो. एक उंच, ऐटबाज गाडी होती, मला फार आवडलेली. आईनं आधी पिशवी आत टाकली, मग दाराच्या वरचं हँडल पकडलं, डावा पाय फूटस्टेपवर ठेवला आणि तिथंच अडकली, ना वर ना खाली, आणि साडी पायात. ‘अरे ही काय एसटी आहे का’ म्हणाली. सेल्समन हसला, मी नाही हसलो. तिथंच बाजूला दुसरी गाडी होती, तिच्यात आईनं दाराकडं पाठ केली, सीटवर सरळ टेकली आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेतले, बास. फरक कशाचा होता तर सीटच्या उंचीचा. सीट माणसाच्या कमरेच्या लेव्हलला हवी. हॅचबॅकसारखी खाली असेल तर उठताना गुडघ्यावर लोड येतो आणि फार वर असेल तर चढताना येतो. म्हणून लॅडर फ्रेमच्या गाड्या, म्हणजे स्कॉर्पिओ-एन किंवा थार रॉक्स, तुमच्या यादीतनं आधी काढा. गाड्या भारीच आहेत, दोन्हींना सुरक्षेचे पाच स्टारही आहेत, पण ट्रकसारखी चेसिस खाली आणि बॉडी वर बसवलेली म्हटल्यावर फ्लोअर उंच येणारच. तुम्हाला मोनोकॉक पाहिजे, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच असलेली, क्रेटा, सेल्टोस, एलिव्हेट, कुशाक, टायगुन, हायरायडर या वर्गातली. दार किती उघडतं आणि खालचा उंबरठा किती रुंद आहे तेपण बघा, रुंद उंबरठ्यावरनं पाय आत न्यायला म्हाताऱ्या माणसाला जड जातं.

आता वहिनींचं. इथं जरा कडू बोलतो, राग मानू नका. ओकारी निम्मी गाडीमुळं होते आणि निम्मी चालवणाऱ्यामुळं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात समोरची सीट तर जागेवर आहे, आणि या भांडणात पोटाचा बळी जातो. तुम्हाला चालवायला आवडतं म्हणजे तुम्ही वळणाच्या तोंडाशी जाऊन ब्रेक मारत असणार आणि वळणातनं बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबत असणार, पुढं मजा आणि मागं लिंबाची फोड. एक काम करा, पाण्याची बाटली अर्धी भरून कपहोल्डरमध्ये ठेवा आणि तिच्यातलं पाणी न उसळता घाट चढून दाखवा. मी गंमत करत नाहीये, यात पण एक मजाच आहे, उलट जास्त कसब लागतं. ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, स्टीअरिंग एकाच दमात वळवायचं, मधेमधे दुरुस्त्या करायच्या नाहीत. घाट उतरताना ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरायचं, म्हणजे ब्रेक सारखा लागत नाही, तापत नाही आणि माना पुढं जात नाहीत. वहिनींना पुढं बसवा, मोबाईल बघू देऊ नका, आणि डबीत आलेपाक ठेवा.

गाडीचा वाटा काय, तर बॉडी रोल. वळणात गाडी झोपाळ्यासारखी कलली की त्रास होतो. आणि इथंच सगळ्यांची एक गल्लत होते, मऊ सस्पेन्शन म्हणजे आराम असं लोक समजतात. शोरूमच्या बाहेर दोन स्पीडब्रेकरवरनं नेली की मऊ गाडी गादीसारखी वाटते, पण तीच गाडी उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या पुढं गेल्यावर होडीसारखी डोलायला लागते. जरा कडक पण एका दणक्यात शांत होणारी गाडी घाटात जास्त आरामाची असते. म्हणजे तुम्हाला जी मजा पाहिजे, गाडी वळणात बसलेली राहणं, स्टीअरिंग नेमकं असणं, तीच गोष्ट वहिनींच्या पोटालापण पाहिजे. तुम्हाला वाटत होतं की यात कुणाचा तरी बळी जाणार, तसं नाहीये.

शोरूमवाल्याच्या टॉप मॉडेलचं सांगतो. वरच्या मॉडेलला अलॉय मोठे येतात, १७ किंवा १८ इंची. चाक मोठं म्हणजे टायरची रबराची भिंत बारकी, म्हणजे खड्डा थेट आईच्या पाठीत. त्याच गाडीचं मधलं मॉडेल १६ इंचावर बऱ्याचदा जास्त सुखाचं चालतं आणि टायरपण स्वस्त पडतो. सनरूफमधनं मुलगी डोकं बाहेर काढणार असेल तर सनरूफ नसलेलंच बरं. वाचलेल्या पैशात सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) आणि मागं मधल्या माणसालापण तीन पॉइंटचा बेल्ट आणि हेडरेस्ट आहे ना ते बघा.

स्टारचं थोडक्यात. गाडी मुद्दाम धडकवून तपासायची आणि स्टार द्यायची टेस्ट, भारत एनकॅप, आपल्याकडं १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे. समोरून ६४ च्या स्पीडला, बाजूनं ५० ला धडकवतात, आणि वरच्या रेटिंगसाठी खांबावर आडवी २९ ला. पण ही टेस्ट ऐच्छिक आहे, कंपनीनं गाडी दिली तरच होते. त्यामुळे स्टार आहेत का हे विचाराच, आणि नुसते मोठ्यांचे नाही, मुलांचे किती तेपण विचारा, ते वेगळे दिले जातात. स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपमध्ये (ही बाहेरच्या संस्थेची तशीच टेस्ट) मोठ्यांसाठी पाच होते आणि मुलांसाठी तीन, हे किती जणांना माहितीये?

डिझेल का पेट्रोल? मेव्हण्यांना नमस्कार सांगा, पण त्यांचा सल्ला दहा वर्षांपूर्वीचा आहे. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या डिझेलला धुराच्या नळीत डीपीएफ नावाची जाळी असते, तिच्यात काजळी साठते आणि ती जाळून टाकायला गाडी हायवेला वीसपंचवीस मिनिटं सलग पळावी लागते. तुम्ही रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाच किलोमीटर जाणार, जाळी तुंबणार, दिवा लागणार, मग वर्कशॉपच्या चकरा. वर महाराष्ट्रात डिझेलचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त, १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ आणि डिझेलवर १४. महिन्याला दीडदोन हजार किलोमीटर हायवे होत असेल तर डिझेलसारखं सुख नाही, क्रेटाचं डिझेल ऑटोमॅटिक खंबाटकी चढताना दमच खात नाही. पण वर्षातनं सात वेळा चिपळूणसाठी नको.

राहिला गिअरबॉक्स. ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी शहरात लोण्यासारखा, पण घाटात दाबलं की इंजिन ओरडतं आणि गाडी मागनं सावकाश येते. ड्युअल क्लच चालवायला सगळ्यात मजेदार, पण बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये, त्यातून चढावर, तापायची तक्रार याचीच जास्त. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, सज्जन माणूस आहे, थोडं पेट्रोल जास्त पितो पण रडत नाही. आणि मॅन्युअल तुम्हाला आवडतंच, फक्त घरात वहिनीपण चालवणार असतील तर त्यांना विचारा.

माझं मत विचाराल तर कुशाक किंवा टायगुन, एक लिटर टर्बो, मधलं मॉडेल, मॅन्युअल नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर. दोन्ही गाड्या आपल्या चाकणच्या, ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या नव्या कडक नियमांखाली मोठे आणि मुलं दोन्हींत पाच स्टार, ११५ पीएस ताकद, आणि वळणात या वर्गात यांच्याइतकी बसलेली गाडी मला तरी दुसरी चालवायला मिळाली नाही. वाईट बाजूपण सांगतो, मागची सीट रुंदीला कमी आहे, तीन मोठी माणसं बसली तर खांद्याला खांदा लागतो. तुमचं कुटुंब चौघांचं आहे म्हणून चालेल, आई आणि मुलगी मागं ऐसपैस. पण दरवेळी आत्या किंवा मावशी सोबत येणार असेल तर एलिव्हेट बघा, तिची मागची सीट आणि ४५८ लिटरची डिकी भारी आहे, २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे, इंजिन साधं टर्बो नसलेलं १२१ पीएस, म्हणजे ओव्हरटेकला गिअर टाकावा लागणार, पण कटकट कमी.

बुक करायच्या आधी टेस्ट ड्राइव्हला चौघंही जा. आधी टायरमधली हवा चेक करायला लावा, टेस्टच्या गाडीत बऱ्याचदा जास्त असते आणि मग गाडी उगाच कडक वाटते. आणि निम्मा वेळ सेल्समनला चालवायला द्या, तुम्ही मागं बसा. ही एवढी गोष्ट कुणीच करत नाही. पंधरावीस लाख घालतात आणि मागच्या सीटवर पहिल्यांदा बसतात ते स्वतःच्या पोराच्या लग्नात.

प्रश्न : आम्ही नागपूरचे, मुलगा मुंबईला असतो. समृद्धीनं जाणं-येणं सुरू झालंय. एडासवालं, म्हणजे पुढच्या गाडीपासूनचं अंतर आणि ब्रेक स्वतः सांभाळणारं मॉडेल घेतलं तर बरेच पैसे जास्त पडतात, त्याचा खरंच उपयोग आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : काका, समृद्धीवर आहे, इतवारीच्या गर्दीत नाही. ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि रस्ता पूर्ण झाला, लिमिट १२०. तिथं अडॅप्टिव्ह क्रूझ लावलं की पुढच्या ट्रकपासून गाडी आपणहून अंतर ठेवते, पायाला आराम, आणि समोरचा अचानक थांबला तर गाडी स्वतः ब्रेक मारते, त्या एका वेळेसाठी पैसे वसूल. पण शहरात स्कूटीवाला पुढनं आडवा घुसला की हीच गाडी खाडकन ब्रेक मारणार आणि मागचा येऊन आदळणार, म्हणून सेटिंग कुठलं कधी बंद करायचं ते डिलिव्हरीच्या दिवशी अर्धा तास बसून शिकून घ्या, पेढे नंतर. आणि हात स्टीअरिंगवरच पाहिजेत, ही गाडी स्वतः चालत नाही.

पण समृद्धीवर मला एडासपेक्षा टायरची काळजी जास्त वाटते. सरळ काँक्रीटचा रस्ता, मे महिन्यातलं तुमच्याकडचं ऊन, तासन्‌तास एकच स्पीड, टायर तापतो तो थंडच होत नाही. हवा सकाळी गाडी थंड असताना भरायची, किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, गाडी माणसांनी आणि सामानानं पूर्ण भरलेली असेल तर वेगळा आकडा असतो. टायरच्या बाजूला DOT अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसते म्हणून सातआठ वर्षांचा टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नका. आणि दर दोन तासांनी उतरा, वळण नाही, सिग्नल नाही, डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो.

प्रश्न : माझं बाळ आठ महिन्यांचं, वजन नऊ किलो. नवीन गाडीत बेबी सीट लावूया म्हटलं तर सासूबाई म्हणतात, ‘आमच्या मांडीवरच तुमचे नवरे मोठे झाले, सीटवर बांधून काय ठेवता लेकराला.’ त्यांना कसं समजावू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, सासूबाईंचं प्रेम खरं आहे पण हाताची ताकद कमी पडते हो. ५० च्या स्पीडला गाडी धडकून थांबली तर आतल्या प्रत्येक गोष्टीला वजनाच्या पंधरावीस पट धक्का बसतो, म्हणजे नऊ किलोचं बाळ त्या क्षणाला दीडशे किलोच्या जवळपास होतं. पैलवानालापण धरता यायचं नाही. मी एकदा घरी हा वाद मिटवायला सोसायटीच्या रिकाम्या रस्त्यावर बायकोच्या मांडीवर दहा किलो तांदळाची पिशवी दिली, दोन्ही हातांनी घट्ट धर म्हटलं, आणि जेमतेम २० च्या स्पीडला जोरात ब्रेक मारला. पिशवी थेट डॅशबोर्डखाली. फाटली पण, दोन महिने मॅटखालनं तांदूळ निघत होते. नंतर वाद झाला नाही.

सीट मागं तोंड करून असलेली घ्या, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं. या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते, समोरून धडक बसली तर पूर्ण पाठ सीटमध्ये दाबली जाते, मानेला झटका बसत नाही. पंधरा महिन्यांपर्यंत तरी असंच, त्यापुढंही जितकं जमेल तितकं. आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीच्या सीटमध्येच बेबी सीट अडकवायचे हुक असतील तर सीट खटकन बसते, बेल्टनं बांधायची असली की दहातली पाच जण चुकीची बांधतात. आणि ती सीट पुढं एअरबॅग चालू असलेल्या जागेवर कधीच लावायची नाही, कधीच. पहिले चार दिवस बाळ रडेल, सासूबाईंना शेजारी बसवा आणि खुळखुळा त्यांच्या हातात द्या, त्यांचंही काम राहतं.

आणि मागे बसणाऱ्या मोठ्यांनीपण बेल्ट लावायचा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, मागच्या सीटवरच्या दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता आणि दोघंही वाचले नाहीत. पुढचे दोघं जखमी झाले पण वाचले. मागे बेल्ट नसेल तर दंड हजार रुपये आहे पण दंडाचं सोडा हो.

प्रश्न : नवीन गाडीला पुढं बुलगार्ड, मस्त लेदर सीट कव्हर आणि डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती बसवायची आहे. मित्र म्हणतो हे सगळं चुकीचं. काय भानगड आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मित्र शहाणा आहे भावा. बुलगार्ड लावलं की धडकेचा जोर सेन्सरला बरोबर कळत नाही, एअरबॅग उशिरा उघडते किंवा उघडतच नाही, शिवाय चेसिसला बोल्ट मारलेला लोखंडी दांडा धक्का थेट आत आणतो. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलंय. सीट कव्हरचं असं की बाजूच्या एअरबॅग सीटच्या कुशीत असतात, तिथं छोटं लेबल दिसेल, त्यावर जाड कव्हर शिवून टाकलं तर एअरबॅग बाहेर कशी येणार? शिवण तिथं उसवणारी किंवा बाजू मोकळी ठेवणारी कव्हरं मिळतात, ती घे. आणि बाप्पा. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला एअरबॅगचं झाकण असतं, त्याच्यावर पितळी मूर्ती चिकटवली तर एअरबॅग उघडताना ती समोरच्या माणसाच्या तोंडावर येणार. मधे खाली, गिअरच्या पुढं जागा असते, तिथं हलकी छोटी मूर्ती ठेव, तिथनंपण त्याचं लक्ष असतंच.

प्रश्न : आम्ही सात जण, सात सीटर एसयूव्ही घ्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सातही जण किती वेळा एकत्र जाता त्यावर आहे. वर्षातनं दोनदा वणीला जायचं असेल तर पाच सीटर घ्या आणि त्या दोन दिवसांना भाड्याची गाडी करा. बहुतेक एसयूव्हींची तिसरी रांग दहाबारा वर्षांच्या पोरांपुरतीच असते, मोठा माणूस बसला की गुडघे छातीला, आणि मागं उरलेल्या जागेत दोन शाळेची दप्तरं. घाटात ओकारीपण तिथंच जास्त, कारण मागच्या चाकाच्याही मागं बसलेला असतो माणूस. दर आठवड्याला सातजण असाल तर एसयूव्हीचा हट्टच सोडा, इनोव्हा किंवा कॅरेन्स बघा, दिसायला रुबाब कमी पण तिसऱ्या रांगेतला माणूस शिव्या घालणार नाही.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, बँकेतून रिटायर झालो. आम्ही दोघंच. ही बहुतेक शेवटची गाडी. मुलगा बंगळुरूहून सांगतो, बाबा, छोटी ऑटोमॅटिक घ्या आणि गप्प बसा. मला मात्र एसयूव्ही पाहिजे, मॅन्युअल, आणि आंबोली घाट चढायचाय. वेडेपणा आहे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : काका, वेडेपणा कसला, मला तर हेवा वाटला, घरापासून अर्ध्या तासावर आंबोली आहे तुमच्या. दोघांसाठी चार मीटरच्या आतली भरपूर झाली, १८ टक्क्यांतली, नेक्सॉन बघा, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ बघा, दोन्हींना भारत एनकॅपचे पाच स्टार आहेत. थ्रीएक्सओचं टर्बो पेट्रोल जोरदार आहे, नेक्सॉनचा मोठा खड्डा गिळायचा गुण मला आवडतो. क्लच मात्र तुमच्या डाव्या गुडघ्यानं पास केला पाहिजे. शोरूममध्ये इंजिन बंद ठेवून सलग पन्नास वेळा दाबून बघा, चाळिसाव्याला कळ आली तर मुलाचं निम्मं ऐका, टॉर्क कन्व्हर्टर घ्या, घाटात त्यालापण हातानं गिअर पाडता येतात. हिल होल्ड पाहिजेच, वळणावर एसटी समोर आली आणि थांबावं लागलं की गाडी मागं सरकत नाही.

अजून एक, हे ब्रोशरमध्ये नसतं. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूचे खांब किती जाड आहेत ते बघा. उजव्या वळणात त्या खांबाच्या आड अख्खी मोटारसायकल लपते, मला एकदा असाच एक दूधवाला शेवटच्या क्षणाला दिसला होता, कॅनसकट. सीट वर-खाली करून, मान जरा हलवून बघा काय काय लपतंय. आणि जुलैत आंबोलीत धुकं उतरलं की वरचा प्रकाश उपयोगाचा नाही, समोर पांढरी भिंत दिसते, खाली बसवलेले फॉगलॅम्प आहेत का विचारा, आजकाल बेस मॉडेलमधनं तेच आधी काढतात.

टेस्ट ड्राइव्ह बाजारपेठेत नको. शोरूमच्या पोराला सांगा, दाणोली ओलांडून धबधब्यापर्यंत जायचंय, नाही म्हणाला तर दुसरं शोरूम आहे. काकूंना मागं बसवू नका, पुढंच बसवा, आणि वर पोचल्यावर चहा घेताना आधी त्यांना विचारा कशी वाटली. मुलाला बुकिंगची पावती झाल्यावर फोटो पाठवा.